शब्दापुढची चांदणी

धरमपेठ, नागपूर
१२ जानेवारी १९७६

दादा,

मायना काय लिहावा ते ठरेना. 'तीर्थरूप' तुला टोमणा वाटेल आणि 'प्रिय' मलाच खोटं वाटेल, इतक्या वर्षांनंतर. म्हणून नुसतं दादा. हे नातं तरी आपल्यापैकी कुणी नाकारलेलं नाही.

आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. आता तिला रस्त्यावरचं सगळं दिसतं आणि सगळ्यावर ती बोलते. काटोलहून मामांनी संत्री पाठवली होती. टोपली उघडताना म्हणाली, "विशूले यातली आंबटच लागत." मग लगेच, "त्याचं नाव काहून काढलं वं मी," असं मलाच विचारलं. तिने वहिनींना घरात घेतलं नाही, तू निघून गेलास, आणि मी कुणाचीच बाजू घेतली नाही असं मला वाटत राहिलं. तू म्हणालास, घेतलीस. तो वाद आज नको.

कॉलेज सुरू आहे. भाषाशास्त्राचा पेपर अजून माझ्याकडेच आहे. तुला एक सांगायचं राहून गेलं, रागावू नकोस. आपला काटोलचा, लहानपणी भाषा बनवायचा खेळ मी वर्गात वापरते. मुलांना मूळ भाषा कशी बांधतात ते शिकवताना मराठी, हिंदी, बंगाली घेतली की ती आधीच संस्कृत आठवून उत्तर लिहून मोकळी होतात. रीत शिकतच नाहीत. म्हणून मी त्यांच्यापुढे अशा भाषाबहिणी ठेवते ज्यांची आई कुणालाच ठाऊक नाही: माझी भाषा आणि तुझी भाषा. माझ्या शब्दात जिथे त, तिथे तुझ्या शब्दात र, असा तू नियम केला होतास, आठवतं? मग मुलं शोधतात की त आणि र दोन्ही ज्यातून निघतील असा मूळ आवाज कोणता. कधीच कुणी न बोललेली भाषा आम्ही दर वर्षी थोडी थोडी बांधतो. मला हा तास फार आवडतो.

आवडायचा.

समोरच्या पानठेल्यावर हल्ली एक नवीन माणूस बसतो. तो पान खात नाही. हे का लिहिलं ते माहीत नाही. वर्गातली एक मुलगी, जयवंता नावाची, सुट्टी संपली तरी आलेली नाही.

उत्तर पाठव. खेळाविषयी त्यात काही लिहू नकोस. किंवा लिहिलंस तरी चालेल, त्यात लपवण्यासारखं काहीच नाही.

प्रेमा


धरमपेठ
२५ जानेवारी १९७६

दादा,

हे पत्र टपालाने येत नाही. खाली राहणाऱ्या सिंधूताई लेकीच्या बाळंतपणासाठी जी.टी. एक्स्प्रेसने दिल्लीला चालल्या आहेत. डिंकाच्या लाडवांच्या डब्यात, तळाच्या कागदाखाली त्यांनी ते घातलं. का, असं विचारलं नाही. "तुपकट झालं तं मले बोलू नका," एवढंच म्हणाल्या.

मागच्या पत्रात मी खोटं काही लिहिलं नव्हतं, पण खरं बाजूला ठेवून लिहिलं होतं. आता क्रमाने लिहिते. डायरी लिहिणं मी बंद केलं आहे. वीस वर्षांची सवय, पण उद्या ती कुणी उघडून वाचली तर, या विचाराने पेन चालत नाही. म्हणून सगळं तुझ्यावरच येतं.

जयवंता उमरेडची. वडील कोळशाच्या खाणीत आहेत. छप्पन्नच्या दीक्षेच्या वेळी ती दोन वर्षांची होती, बापाच्या खांद्यावर बसून नागपूरला आली होती, असं ती अभिमानाने सांगते. एवढी नेटकी विद्यार्थिनी मला मिळाली नव्हती. तिचा मोठा भाऊ धोंडबा खाणीतल्या युनियनमध्ये आहे आणि आणीबाणी लागल्यापासून घरी आलेला नाही. हे मला ठाऊक नव्हतं. तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

सुट्टीत मी मुलांना शब्द देते. ती मूळ रूप बांधून मला पोस्टकार्डावर पाठवतात. पोस्टकार्ड स्वस्त, आणि झाकण्यासारखं त्यात काय असणार? जयवंताची कार्डं उमरेडहून येत होती. या खेपेला आली नाहीत. आली तिची आई, रुखमाबाई. एस.टी.तून उतरून पत्ता विचारत चालत आली, जिन्यातच बसली, वर यायला तयार नाही.

"मास्तरीनबाई, तुमी माह्या पोरीले काय शिकवून राहिल्या?" म्हणाली. "पोलीस म्हनते, हे कोनची भाषा. मी म्हनलं, साहेब, आमच्या घरी तं सारे तेच बोलते जे तुमी बोलून राहिले."

मी तिला पाणी दिलं. पिऊन झाल्यावर तिने सांगितलं की कार्डं आणि जयवंता, दोन्ही पोलिसांनी नेलं.

दुसऱ्या दिवशी मी स्वतःहून पोलिसांच्या चौकशीच्या कचेरीत गेले. सिव्हिल लाइन्समधला जुना बंगला आहे, बाहेर पाटी नाही. अधिकाऱ्यांना सगळे मनोहररावसाहेब म्हणतात. ते उठून उभे राहिले, खुर्ची दिली, चहा मागवला. त्यांनी माझ्यावर आवाज चढवला असता तर मला इतकी भीती वाटली नसती. टेबलावर जयवंताची कार्डं पत्त्यांसारखी मांडली होती. शाईने लिहिलेले शब्द, आणि काही शब्दांपुढे चांदणी.

त्यांनी विचारलं, चांदणी कशासाठी. मी सांगितलं, ही आमच्या शास्त्राची खूण आहे. जो शब्द आपण तर्काने बांधला, पण कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही, कुठे लिहिलेला सापडलेला नाही, त्याच्यापुढे चांदणी काढायची. म्हणजे वाचणाऱ्याची फसवणूक होत नाही.

"म्हणजे हा शब्द कुणी बोलल्याचा पुरावा नाही," ते म्हणाले.

"हो. अगदी तसंच."

"म्हणजे गुप्त."

मी हसले, दादा. मला वाटलं ते थट्टा करत आहेत. माझ्या हसण्याची त्यांनी नोंद केली.

मग मी जे केलं ते तुला कळायला हवं. मीच त्यांना सुचवलं की पारख करा. जयवंताला एका खोलीत बसवा, मला दुसऱ्या. माझ्या आणि तुझ्या भाषेतले कुठलेही शब्द काढा आणि मूळ रूप विचारा. आम्ही एकमेकींशी न बोलता एकाच उत्तराला पोचू, कारण रीत एकच आहे. तेव्हा तुम्हाला पटेल की हे शास्त्र आहे, कट नाही. वर्गात मी हेच करते. दोन बाकांवर दोघांना वेगळं बसवते, उत्तरं जुळली की पोरं टाळ्या वाजवतात.

त्यांनी कार्डांतून शब्द उचलले. पहिलाच 'गेले' या अर्थाचा निघाला. माझा तूमे, तुझा रूमे. मला तू आठवलास. बेचाळीस साली पोलीस काकांना शोधत काटोलच्या घरी आले, तेव्हा आपण दोघं संत्र्याच्या पेट्यांच्या गवतात लपलो होतो. तू आधी बाहेर पडलास, आणि बाहेरून म्हणालास, "रूमे, झोरी." गेले, बाहेर ये. तुझ्या भाषेत. मी माझ्या भाषेत उत्तरसुद्धा दिलं नाही, इतकी घाबरले होते.

त आणि र दोन्हींचं मूळ द, म्हणून मी कागदावर लिहिलं, दूमे. पुढे चांदणी. बाकीचे शब्दही लिहिले. हवालदार गणपतरावांनी दोन्ही कागद आणून शेजारी ठेवले. एकूण एक शब्द जुळत होता. जयवंताने चांदणीसुद्धा माझ्यासारखीच, पाच टोकांची काढली होती.

मी विजयी मुद्रेने वर पाहिलं असणार. मनोहररावसाहेबांनी दोन्ही कागदांवरून बोट फिरवलं.

"बाई," ते शांतपणे म्हणाले, "दोन माणसांना वेगवेगळ्या खोलीत बसवून एकच उत्तर येतं, त्याला आमच्या खात्यात काय म्हणतात माहीत आहे? आधी ठरवलेलं."

मी रीत समजावून सांगू लागले. जितकी नीट समजावली तितकी ती संगनमतासारखी दिसू लागली. नियम आहेत? हो. ते फक्त तुम्हा लोकांना माहीत? वर्गाला माहीत आहेत. वर्गात किती जण आहेत, त्यांची नावं सांगा.  मी नावं सांगितली नाहीत. कॉलेजच्या कचेरीतून घ्या म्हटलं. ती त्यांना मिळतीलच. पण माझ्या तोंडून नकोत, एवढंच मला तेव्हा सुचलं, आणि त्यात धैर्यापेक्षा सोय जास्त होती.

मग त्यांनी विचारलं, हे मुळात तयार कुणी केलं. मी म्हटलं, मी, लहानपणी.

"एकटीने? ही दुसरी भाषा पण तुम्हीच?"

मी 'हो' म्हणू शकले असते. जीभ उचललीही होती. पण कार्डावर जयवंताने तुझ्या भाषेच्या शब्दांपुढे 'वि.' लिहिलं होतं, मी वर्गात शिकवलं तसं: कुठल्याही शब्दाचं श्रेय बुडवायचं नाही. आणि मला खोटं वेळेवर सुचत नाही, तुला ठाऊक आहे.

दादा, मी तुझं नाव सांगितलं. हुद्दाही सांगितला. मला वाटलं, दिल्लीतला उपसचिव म्हटल्यावर ते वचकतील. त्यांनी फक्त स्पेलिंग विचारलं.

तुला त्यांचं पत्र येईल. तुझी नोकरी, वहिनी, मुलं, सगळं मला कळतं. पण या जगात ही भाषा येणारा तू एकटाच आहेस ज्याचं ते ऐकतील. तू एवढंच सांग की आपण लहान होतो आणि हा खेळ होता. ती मुलगी अजून आत आहे. कुठे, ते तिच्या आईलाही सांगत नाहीत.

प्रेमा


धरमपेठ
९ फेब्रुवारी १९७६

दादा,

हे पत्र टपालाने येत आहे. तुझ्या आधी ते कुणीतरी वाचेल. त्यांना नमस्कार. यात सांकेतिक काही नाही. मी मराठीची प्राध्यापिका आहे आणि सरळ मराठीत लिहीत आहे.

तुला चौकशीचं पत्र मिळालं असेल. जे खरं आहे ते सांग. कमी नको, जास्त नको.

इकडे विशेष काही नाही. विभागप्रमुखांनी मला रजा घेण्याचा सल्ला दिला. म्हणाले, तब्येत महत्त्वाची. मी म्हटलं, तब्येत ठीक आहे. ते म्हणाले, तरी. वर्गातली मुलं लक्ष्मीभुवन चौकात दिसली की समोरच्या फुटपाथवर जातात. त्यांना मी दोष देत नाही. मीसुद्धा परवा फाटकापाशी जीप थांबली तेव्हा आईला मोरीत ढकललं आणि कडी लावली. जीप वरच्या डॉक्टरांकडे आली होती. आई आतून ओरडत होती, "प्रेमा, मी काय मांजर हाओ का वं, कोंडून राहिली तू मले?" कडी काढल्यावर आम्ही दोघी हसलो. मग मी फार वेळ हसत राहिले आणि तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

तिला मी सगळं सांगितलं आहे. तिने तुझ्याविषयी एकच विचारलं: "तो लिहीन का?" मी म्हटलं, माहीत नाही. म्हणाली, "नाई लिहीन तं नको लिहू. त्याचे लेकरं हायेत." थोड्या वेळाने म्हणाली, "पन लिहीन."

तिने आणखी एक गोष्ट सांगितली. ती म्हणते, आपल्या दोन भाषा नंतरच्या. त्याआधी एकच होती. आपल्याला दोघांना एकदम गोवर आला तेव्हा तिने आपल्याला मागच्या खोलीत ठेवलं होतं, खिडकीला गोधडी लावून. "तिथं तुमी दोघं आपसात काहीबाही बोलत. मले काही समजे नाही. मंग बरे झाल्यावर भांडले आन् दोघांनी आपापलं वेगळं केलं. तुले काय आठवंल, चार वर्षाची होती तू. विशूले आठवत असंन."

मला खरोखर काही आठवत नाही. गोधडीचा अंधार आठवतो, पण तोही आता ऐकून आठवत असेल. आईचं म्हणणं मी पुरावा धरू शकत नाही. ती आवाज सांगत नाही, शब्द सांगत नाही, फक्त होतं म्हणते. तरीही तेव्हापासून मनातून जात नाही की जे आम्ही वर्गात तर्काने बांधत होतो, ते कधी काळी दोन तापलेली पोरं खरंच बोलली असतील. असा विचार करणं सध्याच्या दिवसांत शहाणपणाचं नाही. तुझ्या आधी वाचणाऱ्यांनी हेही वाचलंच आहे. असू दे. ते खरं आहे.

रुखमाबाई दर आठवड्याला येते. आता वर येऊन बसते. आई आणि ती दोघी मिळून ज्वारी निवडतात. कालच म्हणाली, "बाई, तुमच्या भावाले काही पुसलं का?"

प्रेमा


धरमपेठ
३ मार्च १९७६

दादा,

सिंधूताईंचे जावई बाळाचं बारसं आटोपून आज त्यांना सोडायला आले होते, ते परत निघाले आहेत. हे त्यांच्या कोटाच्या अस्तरात आहे. वाचून झालं की काय करायचं ते तुला कळेल.

जयवंता सुटली. आधी तेच लिहायला हवं होतं, ते लिहिलं. आता बाकीचं.

परवा मला पुन्हा बोलावलं. मनोहररावसाहेब या वेळी उठले नाहीत. पण बसायला सांगतानाचा त्यांचा आवाज बदलला होता, जरा मोठा आणि सावकाश, जसा बहिऱ्या माणसाशी काढतात. आजवर ते मला बाई म्हणत. परवा 'ताई' म्हणाले. "ताई, पाणी घ्याल का?" आणि गणपतरावांनी ग्लास माझ्या हातात न देता टेबलावर, माझ्यापासून जरा लांब ठेवला.

मग त्यांनी तुझं पत्र वाचून दाखवलं. टाइप केलेलं, इंग्रजी, खाली तुझी सही. मी तुझ्या सहीकडेच बघत होते. 'थ' ची शेपटी अजून तशीच ओढतोस.

तू लिहिलं होतंस की तुझी धाकटी बहीण हुशार आहे, पण लहानपणी मेंदूपर्यंत गेलेल्या तापानंतर तिचं मन पुरतं ठिकाणावर आलं नाही. ती स्वतःशी अर्थहीन बडबड करते आणि त्या बडबडीलाच भाषा मानते. घरच्यांनी कायम तिचं मन राखलं. या विद्यार्थिनीनेही बाईंना बरं वाटावं म्हणून पाठांतर करून तेच केलं असावं. तुला स्वतःला अशी कोणतीही भाषा येत नाही. कधी येत नव्हती. तिच्या बडबडीचा मासला म्हणून एक ओळ तुझ्या स्मरणात आहे, ती सोबत देत आहेस.

मी तुझ्याकडे खरं मागितलं होतं. ऐकताना मला आधी राग आला, दादा. भीतीच्याही आधी. मग लक्षात आलं की तू अधिकाऱ्यांना माझ्यापेक्षा चांगलं ओळखतोस. कट करणारी बाई त्यांना सोडता येत नाही. भ्रमिष्ट बाई सोडता येते, आणि तिच्या नादी लागलेली पोरगीही.

"हा मासला," असं म्हणून त्यांनी कागद माझ्याकडे वळवला आणि पेन्सिलीने ती ओळ दाखवली. इंग्रजी अक्षरांत होती. मला ती जुळवायला क्षणभर लागला.

दूमे, झोदी.

रूमे नाही. तूमे नाही. तुझी भाषा नाही, माझी नाही. मूळची. जी तू आमच्याकडून कधी ऐकली नाहीस, कारण ती आम्ही या दहा-बारा वर्षांत इथे फळ्यावर बांधली, आणि मी तो खेळ वर्गात वापरते हेही तू जानेवारीत पहिल्यांदा वाचलंस. माझ्या पत्रात मी ते रूप लिहिलं होतं का, हे मी आल्यावर आठवून आठवून तपासलं. दूमे लिहिलं होतं, डब्यातल्या पत्रात, पारखेचा कागद सांगताना. झोदी कुठेच लिहिलं नव्हतं. झोदी तू गोवराच्या खोलीतून आणलंस. किंवा मी सांगितलेला द तू झोरीतही घातलास, तेवढी अक्कल तुला नक्की आहे. दोन्ही शक्य आहे. कुठलं, ते मी ठरवू शकत नाही.

पण तिथे बसून मी हा विचार करत नव्हते. तिथे मी फक्त टेबल बघत होते. तुझ्या पत्राच्या शेजारीच जयवंताची कार्डं आणि आमचे ते दोन कागद फायलीत उघडे पडले होते. सगळ्यात वर देवनागरीत, चांदणीसकट, दूमे. आणि त्याच्यापासून वीतभर अंतरावर तोच शब्द इंग्रजीत, दिल्लीहून आलेला. त्यांनी नुसती मान उजवीकडे वळवली असती आणि मोठ्याने वाचलं असतं, तर तिघं झालो असतो. दोघींचं संगनमत, आणि तिसरा मंत्रालयात.

त्यांनी ती ओळ मोठ्याने वाचली. "डुमे जोडी," ते म्हणाले. इंग्रजीतून आलं म्हणून वाचलो. मराठी माणूस मराठी माणसाला इंग्रजीत का लिहितो याची मी आयुष्यभर चेष्टा केली आहे.

"काही अर्थ आहे का, ताई, याला?" त्यांनी विचारलं. अगदी हळुवार विचारलं. हा प्रश्न पत्रात नव्हता, हा त्यांचा स्वतःचा होता. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

मला खोटं वेळेवर सुचत नाही. मी तोंड उघडलं आणि काय बाहेर येणार ते मला ठाऊक नव्हतं. गेले, बाहेर ये. जिभेवर तेच होतं. मी रडायला लागले, आणि रडता रडता मला हसू फुटलं, कारण मला तुझे गवताने भरलेले केस दिसले. मी ते थांबवू शकले नाही. थांबवायचा प्रयत्न केला नाही, असंही असेल.

"जाऊ द्या ना साहेब," मागून गणपतराव म्हणाले. "माह्या आत्याचं बी असंच होतं. लय चांगली बाई होती."

मनोहररावसाहेबांनी फाइल मिटली. दोन्ही कागद एकमेकांवर गेले. मी एका निवेदनावर सही केली: मला उपचारांची गरज आहे, मी कॉलेजमधून रजा घेत आहे, ही तथाकथित भाषा निरर्थक आहे. खाली माझी पूर्ण सही आहे. खोट्या मजकुराखाली आजवर मी कधी सही केली नव्हती. हात कापला नाही. याचीच मला जास्त भीती वाटते.

काल संध्याकाळी रुखमाबाई जयवंताला घेऊन आली. पोरगी वाळली आहे. डाव्या हाताची बोटं सारखी पदरात लपवत होती, मी विचारलं नाही. आईने तिला समोर बसवून भाकरी खायला लावली. रुखमाबाई सांगत होती की एवढ्या दिवसांत ही घरी दोन शब्द बोलली नाही. मग आई रुखमाबाईला घेऊन गच्चीत गेली, मिरच्या दाखवायला, आणि आम्ही दोघीच उरलो.

जयवंताने उरलेली भाकरी बाजूला सारली. मग म्हणाली, "मॅडम, तुमच्या भावाची ओळ मलाही दाखवली त्यांनी. मी म्हटलं, मले नाही समजत." शहरात आल्यापासून ती 'मले' म्हणत नसे. "ती आपली होती ना?"

"हो."

"मग कोणीतरी बोललं होतं ते. खरंच." एवढ्या सगळ्यातून जाऊन आलेली ती मुलगी, आणि तिचे डोळे वर्गातल्यासारखे झाले होते. "चांदणी पुसायची का मॅडम?"

मी हळू बोल म्हणाले. खिडकी लावली. आणि मग, दादा, मला उत्तर द्यावं लागलं, कारण विचारणारी विद्यार्थिनी होती. मी सांगितलं, नाही, अजून नाही. एक ओळ, दुसऱ्या लिपीत, टाइप करणाऱ्याच्या हातून आलेली, आणि लिहिणाऱ्याचा हेतू माहीत नसलेला. एवढ्यावर चांदणी पुसता येत नाही. त्याच्या तोंडून ऐकलं तर पुसू.

ती पहिल्यांदा हसली. म्हणाली, "मॅडम, तुम्ही पागल नाही."

मला रोज वाटतं की ती फाइल कुणीतरी पुन्हा उघडेल. मनोहररावसाहेब नाही तर त्यांच्या जागी येणारा दुसरा कुणी, ज्याला मोठ्याने वाचायची सवय असेल. तेव्हा तुझ्या सहीखालची ती ओळ कार्डाशेजारी येईल. तू हा धोका बघून घेतलास, की तुला नुसतं तेवढंच आठवलं? माझ्यासाठी लिहिलंस, की फाइल भरायला? शब्दाचं मूळ मी बांधू शकते. हे बांधायची रीत मला येत नाही.

तू लिहिलंस, गेले. पानठेल्यावरचा माणूस आत्ताही आहे. आज त्याने पान घेतलं, एवढाच फरक.

आईला सांगितलं की विशूने लिहिलं. काय लिहिलं, विचारलं तिने. मी तिला ती ओळ म्हणून दाखवली, तिच्या कानाशी. ती वळली आणि मामांनी पुन्हा पाठवलेल्या टोपलीतली संत्री उलथीपालथी करून त्यातली आंबट बाजूला काढायला लागली. वहिनींनाही आंबटच आवडतात का, असं विचारलं तिने.

त्या ओळीपुढची चांदणी मी तशीच ठेवली आहे. ये, आणि दाराबाहेर उभा राहून मोठ्याने म्हण. मी आतच आहे.

प्रेमा